परक्याचा देव चालतो

सैलानीची यात्रा पंचांगावर चालते. दर्ग्याचा उरूस म्हटलं की तो हिजरी तारखेला असायचा आणि दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असा फिरत राहायचा. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्याचं तसं नाही. फाल्गुन पौर्णिमेला दर्ग्याच्या परिसरात होळी पेटते आणि वद्य पंचमीला, म्हणजे रंगपंचमीला, पिंपळगाव सराईहून सजवलेल्या उंटावर संदल निघतो. मुजावर मुसलमान, तिथी हिंदूंची, आणि गर्दीत विदर्भ, मराठवाडा, खान्देश, शिवाय मध्य प्रदेश आणि तेलंगणकडची माणसं. होळी जवळ आली की जिल्ह्यातल्या डेपोंतून जादा गाड्या सुटतात. आमच्याकडे या दिवसांत लग्नाची तारीख धरताना लोक आधी सैलानीचा हिशेब बघतात, कारण गाडी मिळत नाही.

होळी लाकडाची कमी, नारळाची जास्त. माणूस नारळ घेऊन येतो, घरच्या आजारी माणसावरून डोक्यापासून पायापर्यंत उतरवतो आणि आगीत टाकतो. सोबत बिब्बे, सुया, लिंबं, अंगावरचे जुने कपडेही जातात. नारळ तापले की फटाफट फुटतात, करवंट्या उडतात, खोबऱ्याचं तेल पेटून धूर काळा आणि जड होतो. तो वास अंगाच्या कपड्यांतून दोन धुण्यांनंतरही जात नाही. माझी आजी घरी आली की आधी तिचं लुगडं अंगणात वाळत घातलं जायचं आणि मग चहा.

दोन्हीकडच्या कट्टरांना ही होळी पसंत नाही. मशिदीतला शिकलेला माणूस म्हणतो, हा काही इस्लाम नव्हे. देवळातला शिकलेला माणूस म्हणतो, हा काही हिंदू धर्म नव्हे. दोघांचंही खरं आहे. आणि दोघांच्याही घरची माणसं तिथे जातात.

जिल्ह्याबाहेरचा कुणी पाहुणा, पत्रकार किंवा अधिकारी आला की आम्ही त्याला हे सांगतो. बघा, आमच्याकडे कसं आहे. शेगावला 1878 साली एक दिगंबर माणूस उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना दिसला. तो कोण, कुठला, कुठल्या जातीचा, कुणालाच माहीत नव्हतं, आणि आज गजानन महाराजांचं संस्थान अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मेहकरला मोमीन विणकरांच्या पैशाने गावाला कोट बांधला गेला, त्यांच्या वेशीवर 1488 सालचा लेख होता. आणि त्याच मेहकरात 1888 साली जमिनीतून बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ती निघाली. एका गावात दोन्ही. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, नंतर हेडमास्तर, आणि मास्तराला एकाच धड्यावर थांबायची सवय नसते.

माझं म्हणणं असं. आमच्या जिल्ह्यात परक्याचा देव नेहमीच चालला. इतिहासात जिथे जिथे हाणामारी झाली, माणसं देशोधडीला लागली, तिथे बहुतेक वेळा कारण वेगळंच होतं. आपल्यातला कुणीतरी उठून म्हणाला की मी आता यात नाही. त्याला सोडलं गेलं नाही. शेजाऱ्याला सहन करणं आणि आपल्या माणसाला जाऊ देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत आम्ही पटाईत आहोत.

बाहेरच्या माणसासाठी थोडा भूगोल. आमचा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा वाटलेला आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि पूर्णेपलीकडचे तालुके. बोली बदलते, जमीन बदलते, सोयरिकीसुद्धा शक्यतो आपापल्या बाजूला होतात. दोन्ही बाजू जिथे भेटतात अशा घाटाच्या पायथ्याशी रोहिणखेड आहे. बऱ्हाणपूरहून दौलताबादेकडे किंवा उलट जाणाऱ्या फौजांना ही वाट लागायची, त्यामुळे या लहानशा गावाने मोठ्या लढाया पाहिल्या.

रोहिणखेडला एक दगडी मशीद आहे, 1582 सालची. बांधणारा खुदावंतखान महदवी, मेहकरच्या बाजूचा निजामशाही सरदार. साखरखेर्ड्याची मशीदही त्याचीच, एक वर्ष आधीची. त्याच्या नावातला तो ‘महदवी’ शब्द गावात आता फारसं कुणी लक्षात घेत नाही. जौनपूरच्या सय्यद मुहंमदांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीला आपण महदी असल्याचं जाहीर केलं. ज्याची मुसलमान शेवटच्या काळात वाट बघतात तो महदी येऊन गेला, असं मानणारे ते महदवी. ते नमाज पढत, कुराण वाचत, रोजे धरत. वस्ती करून एकत्र राहत आणि आलेलं धन आपसात सारखं वाटून घेत. हिंदूंना त्यांचा काहीच त्रास नव्हता. त्रास झाला तो सुन्नींना आणि शियांना, कारण हे आपल्यातून फुटून गेलेले होते.

अहमदनगरची निजामशाही 1537 च्या सुमारापासून शिया होती. 1589 साली दरबारात मोठी कत्तल झाली आणि जमालखान नावाचा महदवी सरदार सर्वेसर्वा झाला. त्याने इस्माईल नावाच्या पोरसवदा मुलाला गादीवर बसवलं आणि महदवी पंथ राज्याचा म्हणून जाहीर केला. मुलाचा बाप बुऱ्हाण तेव्हा अकबराच्या आश्रयाला होता. तो खान्देशच्या राजे अलीखानाची मदत घेऊन चालून आला आणि 1591 साली रोहिणखेडला गाठ पडली. जमालखान मारला गेला. बापाने मुलाला पकडून कैदेत टाकलं, स्वतः गादीवर बसला आणि पुन्हा शिया पंथ चालू केला. खुदावंतखानाची मशीद तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची होती, आणि तिच्याच गावाच्या शिवारात महदवींचं राज्य संपलं.

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात ही लढाई नाही. मी मुलांना सांगायचो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: ‘सर, दुसऱ्या बाजूनं हिंदू कोण होतं?’ दोन्हीकडच्या फौजांत हिंदू होतेच, सगळ्याच फौजांत असत. पण भांडण त्यांचं नव्हतं. मुलांना ते पटायचं नाही. बापाने मुलाविरुद्ध फौज आणली एवढंच त्यांच्या लक्षात राहायचं, आणि तेही काही कमी नाही.

धर्माच्या आत हे होतं ही गोष्ट मुसलमानांपुरती नाही. तीनशे वर्षं आणखी मागे जाऊ आणि घाट चढून लोणारला येऊ. आईन-ए-अकबरीत लोणार हे मेहकर सरकारातलं मोठं पवित्र ठिकाण म्हणून आलं आहे. ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात आणि तिथल्या क्षाराच्या पाण्यापासून काच, साबण यांचा माल निघून महसूल मिळतो, अशीही नोंद अबुल फजलने घेतली. धर्म आणि महसूल एकाच दमात. तर त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, लोणारच्या सरोवराच्या काठी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी राहून गेले. मेहकरलाही त्यांचं वास्तव्य झालं. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात लोणारला यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीला आल्याची हकीकत आहे. म्हणजे राजाला या माणसाचं वावडं नव्हतं.

चक्रधर गुजरातेतून आलेले. परका संन्यासी आला, देवळाच्या ओवरीत बसला, काही सांगून गेला, तर त्याचं कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. असे शेकडो येत आणि जात. पण त्यांच्यामागे आपल्यातले शास्त्री निघाले, आपल्या घरच्या बायका निघाल्या, विधवा निघाल्या. ते इतर देवतांना नमस्कार करेनात, सोवळं-ओवळं पाळेनात, व्रतं-उद्यापनं सोडून देऊ लागले. हेमाद्री पंडित देवगिरीचा मोठा अधिकारी आणि व्रतांवरच्या भल्यामोठ्या ग्रंथाचा कर्ता. महानुभावांच्या परंपरेप्रमाणे त्याने आणि त्याच्या जोडीच्या पंडितांनी चक्रधरांचा छळ मांडला आणि शेवटी स्वामी उत्तरेकडे निघून गेले. पुढे पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक लिपीत, लिहायला सुरुवात केली. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ ज्यांच्या पोथ्यांत होता, त्या पोथ्या मराठी माणसाला शेकडो वर्षं वाचता आल्या नाहीत. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिपी उलगडली तेव्हा कुठे दार उघडलं. तोपर्यंत पोथ्या मठांतून पंजाबपर्यंत, थेट काबूलपर्यंत गेल्या होत्या.

आणि गंमत बघा. लोणारचं दैत्यसूदन मंदिर, साकेगावचं मंदिर, आमच्या भागातलं चुन्याशिवाय उभं राहिलेलं कुठलंही जुनं देऊळ, सगळ्यांना आम्ही त्याच हेमाद्रीच्या, म्हणजे हेमाडपंताच्या, नावाने ‘हेमाडपंती’ म्हणतो. महानुभाव यात्रेकरू स्वामींच्या स्थानाला नमस्कार करायला मेहकर-लोणारला येतात तेव्हा त्यांनीही रस्ता विचारला की ‘हेमाडपंती देवळाच्या पलीकडे’ असंच सांगितलं जातं. ते बिचारे ऐकून घेतात.

आता माझ्या घरचं सांगतो. मी बौद्ध. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 86 हजारांच्या घरात होती. त्यात बौद्ध आणि मुसलमान जवळपास बरोबरीचे, दोघेही शंभरात चौदाच्या आसपास. मुसलमान इथे सहाशे-सातशे वर्षांपासून आहेत. आम्ही 1956 पासून. म्हणजे माणसं तीच, त्याच गावातली, त्याच गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. एका ऑक्टोबरात ती दुसरी झाली. महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत 1951 साली अडीच हजारांच्या आसपास बौद्ध होते, 1961 साली 27 लाख 89 हजार. एवढा मोठा निघून जाण्याचा प्रसंग या प्रदेशाने आधी पाहिला नव्हता.

त्या वेळच्या सरकारी चौकटीचीही एक कथा आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली तेव्हा बुलढाणा मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी. अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, आम्ही मुंबई राज्यात आलो. त्याच मध्य प्रदेश सरकारने 1954 साली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या धर्मांतराची चौकशी करायला समिती नेमली होती. अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. आमच्या वऱ्हाडात तेव्हा अलायन्स मिशन काम करत होतं. खामगावला त्यांचं अनाथ मुलींचं मोठं घर होतं, दुष्काळाच्या काळात उघडलेलं. समितीने वऱ्हाडातही चौकशी केली. 1956 साली अहवाल आला. धर्मांतरावर कायद्याने बंधनं घाला, धर्मप्रसार हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा, अशा त्याच्या शिफारशी. आणि तो अहवाल आला त्याच वर्षी दसऱ्याला नागपूरच्या मैदानावर बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग ज्या प्रतिष्ठित मंडळींनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यांत हेच नियोगी होते.

मला या गोष्टीत दोष काढायचा नाही. माणूस दुसऱ्यांच्या धर्मांतराबद्दल साशंक असू शकतो आणि स्वतः मनापासून धर्म बदलू शकतो. पण न्यायमूर्तींना धर्म बदलताना कुणी ‘तुला पैसे मिळाले का, पोटासाठी केलंस का’ असं विचारलं नसावं. आमच्या आज्याला विचारलं. मध्य प्रदेशाने पुढे 1968 साली धर्मस्वातंत्र्याच्या नावाने कायदा केला आणि त्यात धर्मांतर करवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक झालं. त्या अठरा दिवसांनंतर आमची हद्द बदलली नसती तर जिल्ह्यालाही तो लागू झाला असता.

आजा नागपूरला गेला नव्हता. मलकापूरपर्यंत जाऊन रेल्वे धरायची तर पैसे हवेत. त्याने नंतर गावोगाव झालेल्या कार्यक्रमांत दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि घरी येऊन देव्हाऱ्यातल्या टाकांची पुरचुंडी बांधली. पैनगंगा आमच्याकडे उगमाजवळ असल्याने उन्हाळ्यात दगडांतून चालत पार होते, पण पावसाळा नुकताच संपला होता आणि डोहाला पाणी होतं. पुरचुंडी डोहात गेली.

गावाला याचं फारसं काही वाटलं नाही. महारांनी आपले देव बुडवले तर बुडवू द्या. गावाला लागलं ते पुढचं. आज्याने आणि वस्तीने मेलेलं ढोर ओढणं बंद केलं. दवंडी बंद, सांगावा नेणं बंद, मयतीचं लाकूड फोडणं बंद. ही कामं धर्माची आहेत असं तोवर कुणी म्हणत नव्हतं. आज्याने धर्म सोडला तेव्हा ती धर्माची होती हे सगळ्यांना एकदम कळलं. मग गावाने किराणा बंद केला, निंदायला बोलावणं बंद केलं. पिठाची गिरणी मुसलमानाची होती. त्यानेही दळण घेतलं नाही. त्याचं गिऱ्हाईक गाव होतं, वस्ती नव्हे. वस्तीतल्या बायकांनी पाटे-वरवंटे आणि जुनी जाती बाहेर काढली, आणि बाजाराच्या दिवशी दळण डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावी गेल्या.

आता हे लक्षात घ्या की हा बहिष्कार घालणाऱ्या गावाचा पाटील दर फाल्गुनात बैलगाडी जुंपून सैलानीला जायचा, आणि गाडीत गिरणीवाल्याच्या घरची बायका-पोरंही असायची. पाटलाच्या धाकट्या भावाला फिट यायची, त्याच्यावरून नारळ उतरवलेला. पाटलाच्या मनात मुसलमानाबद्दल काही नव्हतं. मुसलमान हा मुसलमान म्हणूनच जन्मलेला, त्याची जागा ठरलेली. आमची जागाही ठरलेली होती आणि आम्ही ती सोडली.

बहिष्कार मोडला तो कुणाच्या समजावण्याने नाही. पुढच्या खरिपात पाऊस चांगला झाला, कपाशीत गवत गुडघ्याला आलं, आणि निंदायला बाया मिळेनात. पाटलाचा माणूस वस्तीत आला, मजुरी रोखीने ठरली. ढोर ओढणं मात्र परत सुरू झालं नाही. त्यासाठी गावाने आपली व्यवस्था करून घेतली, आणि त्यावरून आपसात बरंच भांडलेही.

आजी हा वेगळा विषय. ती दीक्षेला आज्याशेजारी बसली होती, प्रतिज्ञा तिनेही म्हटल्या. आणि फाल्गुन आला की नारळ घेऊन सैलानीला निघायची. आजा म्हणायचा, आपण आता हे सोडलं. ती म्हणायची, ‘तुमी देव सोडले, म्या बी सोडले. बाबा कुठं देव हायत? मी नाही गेली त त्याहीले काय वाटीन?’ या युक्तिवादाला आज्याकडे उत्तर नव्हतं. तो तिला चिखलीच्या फाट्यापर्यंत सोडायला जायचा आणि गाडी येईपर्यंत रागाने बसून राहायचा. आमच्या समाजात अजूनही अशा आज्या आहेत, आणि त्यांच्यावर टीका करणारे तरुण कार्यकर्तेही आहेत. मी त्या तरुणांच्या बाजूचा आहे, निदान शाळेत तरी तसंच शिकवलं. पण ज्या माणसाने पाटलाला नाही म्हटलं त्याने बायकोला जाऊ दिलं, हेही मी विसरत नाही.

सैलानीबद्दल एक कटू गोष्टही नोंदवली पाहिजे, कारण ती याच विषयातली आहे. तिथे वेडसर म्हणून आणलेली माणसं साखळदंडाने बांधून ठेवलेली अनेकांनी पाहिली आहेत. जेवायला देणारा कोण, हिंदू की मुसलमान, असं त्या माणसाला कुणी विचारत नाही, हे खरं. पण तुला इथे राहायचं आहे का, असंही कुणी विचारत नाही. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा अशीच बांधलेली 28 माणसं जळून गेली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधायला बंदी केली. त्याच्या आधी, 2013 साली, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदाही आला. दर्ग्यावर सगळे धर्म एकत्र येतात ही गोष्ट सांगताना आम्ही कोपऱ्यातल्या त्या साखळीवरून नजर पुढे नेतो. ज्याला निघून जाता येत नाही असा माणूस तिथेही असतोच.

धर्म सोडला तरी कागद सोडत नाही, हे आम्हाला हळूहळू कळलं. 10 ऑगस्ट 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश सांगत होता की अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे. 1956 साली त्यात शीख आले. बौद्ध आले नाहीत. म्हणजे घटनेच्या 25 व्या कलमाने धर्म बदलायला मोकळीक दिली होती, आणि बदललात तर सवलत बंद. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा, 1960 साली, राज्य सरकारने आपल्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. त्याबद्दल मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना आमच्या लोकांनी दुवा दिला. पण रेल्वे, पोस्ट, बँक ही केंद्राची कामं. तिथे सवलत हवी तर अर्जावर ‘हिंदू महार’ लिहावं लागे. घरोघरी हा पेच. माझा थोरला चुलतभाऊ रेल्वेत लागला तो असाच. अर्ज भरायच्या आदल्या रात्री तो आज्याकडे आला. आजा बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, ‘पोटासाठी लिवतं त लिव. पण घरात देव नोको आणू.’

ही अडचण 1990 साली दूर झाली, विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारने बौद्धांचा समावेश केला तेव्हा. चौतीस वर्षं गेली. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्या दलिताला ती सवलत आजही नाही. खामगावच्या मिशनच्या आसऱ्याला आलेल्या मुलींपैकी कुणाची नातवंडं आज ख्रिस्ती असतील, तर त्यांना आपण कुठून आलो हे कागदावर सांगून उपयोग नाही.

शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर हा मी सगळ्यात जास्त हाताळलेला ग्रंथ. जाड पुठ्ठा, लाल कापडाचा कणा, आडवं पान. एका रकान्यात धर्म आणि जात. 1956 च्या आधीच्या पानांवर आमच्या वस्तीतल्या मुलांपुढे एकाच शाईत ‘हिंदू महार’. नंतरच्या पानांवर काय वाटेल ते. कुठे ‘बौद्ध’, कुठे ‘नवबौद्ध’, कुठे ‘महार’ लिहून त्यावर आडवी रेघ आणि वर बारीक अक्षरात ‘बौद्ध’, शेजारी हेडमास्तरची सही. काही ठिकाणी थोरल्या भावापुढे ‘हिंदू महार’ आणि धाकट्या बहिणीपुढे ‘बौद्ध’. बाप एकच, घर एकच. लिहिणारा गुरुजी कुठल्या मनाचा होता, बाप त्या दिवशी स्वतः आला होता की आई आली होती, पुढे मुलाला कुठल्या नोकरीत घालायचा विचार होता, हे सगळं त्या रकान्यात जमा झालं आहे. मुसलमानांच्या मुलांपुढे मात्र कधी खाडाखोड नाही. मारवाड्यांच्या, जैनांच्या मुलांपुढेही नाही. खाडाखोड फक्त जे निघाले त्यांच्यापुढे.

आता मी निवृत्त असल्याने वस्तीतली पोरं जातीच्या दाखल्यासाठी माझ्याकडे येतात. सेतू केंद्रात अर्ज करायचा तर धर्म बौद्ध, आणि पूर्वाश्रमीची जात महार, याचा पुरावा 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. म्हणजे दीक्षेच्याही सहा वर्षं आधीचा. जो शब्द आजोबांनी डोहात टाकला त्याची साक्षांकित नक्कल नातवाने काढून आणायची. ती मिळते कोतवाल बुकातून, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतून. जुन्या पानांवर मोडी असेल तर मोडी वाचणारा शोधावा लागतो आणि त्याची फी वेगळी. आमच्या गावच्या एका वहीची काही पानं वाळवीने खाल्ली आहेत. ज्यांच्या आज्यांचा जन्म त्या पानांवर होता त्यांना मी शाळेचं जुनं रजिस्टर काढायला सांगतो, आणि शक्यतो रेघ न मारलेल्या ओळीचा उतारा घ्यायला सांगतो. रेघ मारलेला घेतला की खिडकीवरचा माणूस अर्ज परत करतो.